दोन ठिपक्यांची कुपी

रविवारची दुपार. विभावरी टिळेकर सोफ्यावर आडवी झाली आहे, पोटावर प्रतिज्ञापत्राचा मसुदा. उद्या सही करायची. हॅमस्टरच्या, म्हणजे उंदरासारख्या प्राण्याच्या, जनुकं बदललेल्या एकाच पेशीकडून अँटिबॉडी या औषधी प्रथिनाच्या जड आणि हलकी अशा दोन्ही साखळ्या करवून घ्यायची युक्ती 'मी एकटीने' शोधली, असं त्यात लिहिलंय. खरं तर युक्ती निघाली तिच्या लॅबमधल्या सरांच्या, रघुवीर नाडकर्णींच्या डोक्यातून. विभावरीने ती पेशींच्या गळी उतरवली. पण नाडकर्णींचं नाव आलं, की त्यांची जुनी कंपनी पेटंटवर दावा ठोकणार. शिवाय मेलेल्या माणसाला गाळण्यात एक सोय असते: तो हरकत घ्यायला येत नाही.

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "टिळेकर, चहा टाकतेस की पेशी?"

नाडकर्णी ओट्याशी उभे. अंगात पांढरा कोट, हातात बायकोची लाल नेलपॉलिश. पेनची शाई स्पिरिटने पुसली जाते, म्हणून ते लॅबमध्ये पेशींच्या कुप्यांच्या झाकणांवर नेलपॉलिशचे ठिपके द्यायला लावत. ज्याचं काम त्याचा रंग. त्यांचा लाल, विभावरीचा मोरपंखी.

"सर, तुम्ही तर..."

"गेलो, ठाऊक आहे. शोकसभेत वाक्यागणिक माझं नाव घेत होतीस. आता एकदाच घ्यायचं, तर जड जातंय होय?"

ओटा लांबत जातो, त्याला कठडा फुटतो. आता ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. न्यायाधीशांच्या खुर्चीत कुणी नाही, नुसती थंड वाफ.

"तुमच्या नावापायी पेटंट जाईल, सर. लॅबमधल्या पोरांच्या नोकऱ्या जातील."

"जातील कदाचित."

"मग?"

"मी काय वकील आहे? मला एवढंच सांग, जड साखळी एका पेशीत, हलकी दुसरीत, असं वर्षभर करत होतीस. हाती काय लागलं?"

"गाळ."

"आणि दोन्ही एकीतच घातल्यावर?"

"जुळल्या."

"एकटीने काही जुळत नाही, हे जगाला पटवायला निघालीस, आणि सही कशाखाली? 'एकटीने'!" ते पोट धरून हसतात. मग तिच्या तळव्यावर एक बर्फासारखी कुपी ठेवतात. झाकणावर दोन ठिपके, लाल आणि मोरपंखी. "मला आता व्हिजिटिंग कार्ड छापायचं नाही, बाई. पण माझा ठिपका काढायचाच, तर तुझ्याच नखाने खरवड."

तळवा बधिर होतो. ते बघत राहतात, रागावत नाहीत. विभावरी नख लावते.

फोन वाजतो. भिंतीवर दुपारचं ऊन आहे. पलीकडे वकील: "मॅडम, उद्या सकाळी सही ना?"

फोन धरलेल्या अंगठ्याच्या नखाखाली लाल कण अडकलाय. या घरात नेलपॉलिशची बाटली कधी आलेली नाही.

"मसुदा बदला," ती म्हणते. "दोन नावं."

"अहो, पेटंट हातचं जाईल!"

"जाईल कदाचित."

तो कण काढायला ती दुसरं नख लावत नाही.