सवचं गरम पाणी
काडी ओढली की गंधकाचा वास येतो आणि मला सव गावचं गरम झऱ्याचं कुंड आठवतं. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेसाठी चालायला सांगितल्यापासून बाबा रोज चवदार तळ्याला फेरी मारून यायचे आणि तळवे चोळत बसायचे. "मुंग्या येतात गो," म्हणायचे. आमच्याकडे पाय दुखले की सवला जातात, तसे आम्हीही गेलो. वाफाळत्या पाण्यात त्यांनी दोन्ही पाय सोडले. मी हात घातला आणि झटकन काढला. "बाबा, पोळतंय!" "कोमट तर हाय," म्हणत ते निवांत बसून राहिले. घरी येईपर्यंत पाय फोडांनी भरले होते. पुढे डावा पाय कापावाच लागला. आज चालून आल्यावर माझ्याही तळव्यांना मुंग्या आल्या. पाणी तापवून बादलीत हात घातला, तर चटका बसला. मग पाय सोडला आणि पोळायची वाट बघत बसले.