टाकीतला सांभार

पाण्यावर विश्वास नसलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण पाण्याला आरोपीसारखं समोर उभं करून त्याची उलटतपासणी घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयानं माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणत आलो आणि त्यांच्या बायकोला ताई. नळाचं, बोअरचं, लग्नातल्या जारचं, देवळातल्या तीर्थाचं, कुठल्याच पाण्याला भाऊंच्या घरात सरळ प्रवेश नव्हता. आधी ते वास घेत, मग पेला उजेडात धरत, मग जिभेच्या टोकाला थेंब लावत आणि कपाळाला आठी घालून म्हणत, "यात काहीतरी आहे गा." काय आहे ते त्यांनाही सांगता येत नसे. पण आहे, यावर ते ठाम असत, आणि त्या 'काहीतरी'वर त्यांच्याकडे एकच औषध होतं. कपडे पांढरे करायचं ब्लीच.

हे वेड त्यांनी उमरेडहून आणलं होतं. घराणं विणकरांचं. आई सूत धुवायची, पांढरं करायची, रंगवायची, आणि भाऊ त्या वासातच रांगले, वाढले. पुढे घरातला माग थांबला, भाऊ एसटीत कंडक्टर झाले आणि उमरेड ते नागपूर, नागपूर ते उमरेड अशी सगळी नोकरी त्यांनी एकाच रस्त्यावर काढली. कडक इतके, की मुलगा बघून परत निघालेल्या स्वतःच्या होणाऱ्या सासऱ्यांनाही त्यांनी गाडीत पूर्ण तिकीट फाडलं, आणि सासरे म्हणे तेवढ्यावरच खूश होऊन होकार देऊन बसले. निवृत्त झाल्यावर प्रताप नगरात घर झालं, पण ब्लीच काही सुटलं नाही. आमच्या नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात आणि खसाचा गार वास येतो. भाऊंचा कूलर लागला की पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसल्यासारखं वाटायचं. पाहुण्यांचे डोळे चुरचुरायचे, ते डोळे पुसायचे, आणि ताईंना वाटायचं की या पाहुण्यांच्या घरी काहीतरी दुःखाचं झालंय. ताईंची एकही साडी पांढऱ्या ठिपक्यांवाचून नव्हती. दुसरी बाई असती तर रोज कडाकडा भांडली असती. ताई म्हणायच्या की माझ्या नवऱ्याला दारूचे थेंब घेता येत नाहीत, म्हणून तो हे थेंब उडवत फिरतो.

बाटलीवर काय छापलंय याला भाऊंच्या लेखी काडीची किंमत नव्हती. ब्लीच दुधासारखं नासतं, फक्त ते फाटत नाही म्हणून लोकांना कळत नाही, असं ते सांगत. नवी बाटली जहाल, आणि तीच उन्हाळ्यात महिना-दोन महिने पडून राहिली की निम्म्याहून जास्त मेलेली. मग बाटलीत जीव किती उरलाय हे ओळखायचं कसं? तर आईनं विणलेल्या एका जुन्या लुगड्याच्या काठाचे निळे धागे त्यांनी जपून ठेवले होते. वाटीत थोडं ब्लीच घ्यायचं, त्यात धागा सोडायचा आणि रंग किती वेळानं जातो ते पाहायचं. घड्याळ नाही. घड्याळाऐवजी ते थांबे म्हणत. तीस वर्षं गाडीत ज्या संथपणानं ओरडले त्याच संथपणानं, प्रत्येक थांब्याला ठरावीक श्वास घेत: उमरेड... पाचगाव... विहीरगाव... दिघोरी. पाचगावला धागा पांढरा झाला तर बाटली ताजी, अर्धं झाकण पुरे. दिघोरीपर्यंत निळा टिकला तर बाटली म्हातारी, दोन झाकणं लागणार. मी एकदा विचारलं होतं की भाऊ, मधेच कोणी हात दाखवला तर थांबता का? ते हसले नाहीत. हसायचं नाही अशा गोष्टींची त्यांची यादी बरीच लांब होती आणि मी तिच्यातलं काहीच पाळत नसे.

मग ताई आजारी पडल्या. रक्ताचा आजार. औषधांनी अंगातली झुंजायची ताकदच काढून घेतली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की कच्चं काही द्यायचं नाही, सगळं शिजवूनच. ताईंनी सगळं ऐकलं. फळं सोडली, काकडी सोडली, दही सोडलं. एकाच गोष्टीवर गाडी अडली. सांभार. पुणे-मुंबईकडचे लोक कोथिंबीर म्हणतात त्याला. इथे सांभारावाचून वरणाला वरण म्हणत नाहीत आणि पोह्यांना पोहे. औषधांनी तोंडाची चव गेलेली, घास फिरायचा, ताट तसंच परत जायचं. शिजवलेला सांभार घालून पाहिला तर ताई म्हणाल्या की हा गवताचा काढा आहे. दिवसागणिक त्या वाळत चालल्या होत्या, आणि भाऊ जेवणाच्या वेळी त्यांच्यासमोर बसून प्रत्येक घास मोजत. त्यांनी चार घास खाल्ले की ते एखादी पोळी खात, नाही खाल्ले की तेही उठत.

शेवटी त्यांनी डॉक्टरांना गाठून विचारलं की माती नाही, शेण नाही, माशी नाही, अशा पाण्यात वाढवलेला सांभार असला तर? डॉक्टर बिचारे थकलेले. म्हणाले, अगदी स्वच्छ असेल तर दोन-चार पानं द्या. भाऊंनी ते वाक्य सरकारी हुकमासारखं घरी आणलं. मागची खोली रिकामी झाली. शंभर लिटरची निळी टाकी आली, थर्माकोलच्या फळीला भोकं पडली, भोकांत नारळाच्या भुशाचे छोटे पेले बसले, माशांच्या पेटीत बुडबुडे सोडतात तसला पंप घरघरू लागला. मोबाइलवर हिंदीतून कोणी मातीविना शेती शिकवत होता, त्याचा आवाज घरात दिवसभर चाले. पहिली रोपं बोटभर झाली आणि आडवी पडली. मुळं पाहिली तर तपकिरी, बुळबुळीत, नालीसारखा वास. दुसऱ्यांदाही तेच. भाऊंना अशा वेळी खरं तर दुःख व्हायला हवं, पण त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं जे 'काहीतरी' ते पाण्यात शोधत होते ते अखेर सापडलं होतं. त्यांनी टाकी, नळ्या, पेले, सगळं ब्लीचनं घासलं, आणि रोज सकाळी धागा पाहून टाकीत ब्लीच सोडायला सुरुवात केली. पहिल्यांदा जरा जास्त झालं तर पानं पिवळी पडली, मग कमी केलं, मग बरोबर माप सापडलं. मुळं पांढरीशुभ्र निघाली. ती त्यांनी मला हाताला धरून नेऊन दाखवली. पण आधी दोनदा हात धुवायला लावले, आणि टाकीपाशी बोलायचं नाही, थुंकी उडते, असं बजावलं.

पहिली कापणी झाली तेव्हा मी आणि बायको तिथेच होतो. सात काड्या. गरम वरणभातावर ताईंनी स्वतः हातानं तोडून घातल्या आणि सगळा भात खाल्ला. वर थोडा मागितला. भाऊ उठून मागच्या खोलीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. माझी बायको त्यांना बोलवायला निघाली तर ताईंनीच तिला खाली बसवलं. त्यानंतर दोन महिने ताई जेवल्या. अंगावर थोडं मांसही आलं. भाऊंवर हसायची मला इतकी सवय होती, की त्या दोन महिन्यांत काय करावं तेच सुचेना.

एप्रिल तापला. भाऊ टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडत, बाहेरून ओलं पोतं गुंडाळत. जुनी ब्लीचची बाटली उन्हानं मरत चालली आणि धागा दिघोरीपर्यंत निळा राहू लागला. मापही दोन झाकणांवर गेलं. अशात ताईंना ताप भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. भाऊ सोबत गेले. टाकीची जबाबदारी माझ्याकडे आली. सध्या दोन झाकणं टाक, पण रोज धागा पाहून टाक, असं त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हणालो. धागा काही पाहिला नाही. मोठ्या माणसानं वाटीत दोरा सोडून गावांची नावं घेत बसायचं, मला स्वतःचीच लाज वाटली असती. तिसऱ्या दिवशी बाटली संपली. मी दुकानातून नवी आणली आणि दोन झाकणं टाकली. दुसऱ्या सकाळी पानं माना टाकून बसलेली. मी शहाणा! रोग पडला असं समजून आणखी दोन टाकली. संध्याकाळपर्यंत सगळी टाकी उकडलेल्या भाजीसारखी झाली.

पाचव्या दिवशी ताई घरी आल्या. त्यांना पलंगावर टेकवून भाऊ थेट मागच्या खोलीत गेले. मी मागे उभा. रोपांकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग नवी बाटली उचलली, वाटीत ओतली, निळा धागा सोडला आणि म्हणाले, "उमरेड..." पुढचा थांबा आलाच नाही. धागा पांढरा झालेला.

"गाडी तर स्टँडवरच उभी आहे गा," ते म्हणाले. मग वाटी मोरीत ओतत, "काहून नाही पाह्यला धागा?"

ते चिडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मेलेली रोपं उपटली, टाकी रिकामी केली, घासली, नवे धणे भिजत घातले. पण ते उगवून कापायला यायला महिना-सव्वा महिना, आणि दवाखान्यात ताईंनी जवळजवळ काहीच खाल्लेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही सकाळची पेज तशीच परत आली. दुपारी त्यांनी आतून विचारलं की सांभार कापला का. भाऊ स्वयंपाकघरात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बाजारातून आण."

मी म्हणालो की भाऊ, डॉक्टरांनी... ते म्हणाले, "आण."

मी आणला. चांगला बघून, ताजा, मुळांना माती लागलेला. भाऊंनी एकेक काडी निवडली, ब्लीचच्या हलक्या पाण्यात बुडवली, मग उकळून गार केलेल्या पाण्यात धुतली, पुन्हा बुडवली, पुन्हा धुतली. किती वेळा ते मी मोजलं नाही. तीस वर्षं ज्यानं कुणाला एक थांबा फुकट सोडला नाही तो माणूस ती पानं भातावर घालून खोलीत गेला आणि म्हणाला, "घे वं."

ताई जेवल्या. वाटी पुसून जेवल्या. म्हणाल्या, "आजचा लय चांगला निघाला जी." भाऊ म्हणाले, हो.

त्यानंतर आठवडाभरानं पुन्हा ताप आला आणि तो उतरला नाही. ताई गेल्या. डॉक्टरांना मी एकटा भेटून आलो, भाऊंना न सांगता. ते म्हणाले की अशा अवस्थेत ताप कुठूनही येतो, स्वतःच्या शरीरातूनसुद्धा, आणि तो कधी ना कधी येणारच होता. एका वाटीवर बोट ठेवता येत नाही. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. खरं सांगतो, डॉक्टरांचं ते बोलणं मी रोज स्वतःला ऐकवतो आणि रोज ते थोडं कमी पटतं.

भाऊंनी टाकी मोडली नाही. त्या भिजवलेल्या धण्याचा सांभार नंतर भरभरून आला. तो ते शेजाऱ्यांना वाटतात, आम्हाला देतात. धागा रोज पाहतात. लुगड्याचा काठ आता अर्धा उसवून झालाय. मी दर रविवारी जातो, हात धुतो, स्टुलावर बसतो. आम्ही उन्हावर बोलतो, पंपाच्या घरघरीवर बोलतो. त्या वाटीवर बोलत नाही.

पाऊस संपल्यावर एका रविवारी मला राहवलं नाही. ते टाकीवर वाकून मुळं पाहत होते. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी बाजारातून जो सांभार..."

"थो तिनं खाल्लाच नव्हता," ते मधेच म्हणाले. "काढून ठेवला होता बाजूले. मग मीच फेकला."

त्या दिवशी मी दारात उभा होतो. ताट मीच उचललं होतं आणि वाटी मीच घासली होती. हे भाऊ माझ्यासाठी बोलले की स्वतःसाठी, मला कळलं नाही, आणि विचारायची छातीही झाली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी टाकीची कड धरली होती. माझ्याकडे ते पाहत नव्हते, पण मी काय म्हणतो याची वाट मात्र पाहत होते.

"बरं झालं, भाऊ," मी म्हणालो.

"हो न," ते म्हणाले.