निजलेला विषाणू आणि गोश्ताचं पाणी

सत्तरच्या दशकात मी जालन्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. विभागात मी एकटीच बाई आणि एकटीच बौद्ध घरातली. विभागप्रमुखांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. तयार पावडर मुंबईहून यायला फार वेळ लागतो. खाटकाकडून तुम्हीच आणत जा. तुमच्याकडं सवय असते ना."

अंगावर कुणी खरकटं फेकावं तसं वाटलं. पण नोकरी नवी होती. गेले.

खाटीक म्हणाला, "बाई, मोठ्या जनावराचं बिनाचरबीचंच कशाला पाह्यजे?"

"कॉलेजात जंतू पाळायचेत."

"जंतू बी गोश्त खाऊन राह्यले का आता?" तो हसला, पण बराबर निवडून दिलं.

ते बारीक करायचं, पाण्यात भिजवायचं, उकळायचं, गाळायचं. उन्हाळ्यात लाइट गेली की फ्रीज बंद, आणि भिजवलेलं गोश्त आंबायचं. वर करडा फेस यायचा. तो वास केसांत बसायचा. घरी आले की आई दारातूनच ओरडायची, "आधी आंघोळ कर, मंग घरात ये!" जेवताना वरणातही तोच वास यायचा आणि मी ताट सरकवायची.

त्या वर्षी मुलांना निजलेला विषाणू दाखवायचा होता. काही जंतूंच्या पोटात विषाणू असतो, पण तो काही करत नाही. जंतूच्या आनुवंशिक धाग्यात मिसळून पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतो. जंतूच्या जिवावर बेतलं, म्हणजे अतिनील किरण किंवा एखादं विष लागलं, की तो जागा होतो, आतल्या आत स्वतःच्या शेकडो प्रती काढतो आणि जंतू फोडून बाहेर पडतो.

पहिल्यांदा प्रयोग फसला. किरण दिल्यावर प्रमुखांनी अर्कात वाढवलेल्या जंतूंची नळी खिडकीत उन्हाशी धरून मुलांना दाखवली होती. उजेड लागला की जंतू किरणांची इजा भरून काढतो, मग विषाणू पुष्कळदा उठतच नाही. पण प्रमुख वर्गासमोर म्हणाले, "बाईंचा अर्कच नासका असेल."

दुसऱ्या खेपेला मी किरण दिले, नळीला काळा कागद गुंडाळला आणि ती उबेत ठेवली. दोनेक तासांनी कागद काढला. ताकासारखा गढूळ अर्क निवळला होता. तळाशी चिकट तंतू लोंबत होते.

प्रमुखांनी नाकाला रुमाल लावून नळी पाहिली. "वा! कसं स्वच्छ पाणी झालं बघा."

"स्वच्छ न्हाई सर, फुटलेल्या जंतूंचा राडा आहे तो," मी म्हणाले.

मुलं हसली. प्रमुखांचा चेहरा उतरला. रुमाल न काढताच ते म्हणाले, "सोमवारसाठी ताजं गोश्त आणून ठेवा. आणि टेबल तुम्हीच पुसा. शिपाई हात लावायचा न्हाई म्हणतो."

वास तर रोजचाच होता. मला किळस आली ती त्या रुमालाची.

"मी आणणार न्हाई," मी म्हणाले. "मलाबी या वासानं ओकारी येते, सर. घरी जेवण जात न्हाई. सवय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी टेबल तसंच सोडून निघाले. नोकरी जाणार असं धरूनच चालले होते.

नोकरी गेली नाही. पंधरवड्यात मुंबईहून पावडरीचा डबा आला. इतके महिने तो सहज येऊ शकत होता. टेबल कुणी पुसलं ते मला कळलं नाही. प्रमुख माझ्याशी कामापुरतंही बोलेनात. निरोप मुलांच्या तोंडून येऊ लागले.

मी डब्याचं झाकण उघडलं. आतली तपकिरी पूड उकडलेल्या हाडांसारखा वास मारत होती. मी चमचाभर पूड पाण्यात घातली आणि ढवळायला लागले.