पेडलवरचे ठोकळे

पाना आत्याला आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत: गप्प बसणं आणि गाडी हळू चालवणं. नाव भाचीने ठेवलेलं, पण गल्लीभर झालं, कारण जवळ पाना नसलेली आत्या कुणी पाहिलीच नव्हती. वडिलांच्या वर्कशॉपात तिने उभा जन्म लेथवर काढला. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणे, वेळ मिळाला नाही. पुन्हा विचारलं तर मशीन चालू करी.

तरुणपणी तिने आणि तिच्या थोरल्या भावाने, दादाने, मिळून शर्यतीची गाडी बांधली होती. एकाच माणसापुरती. मोडीतले पाइप, मोटरसायकलचं इंजिन आणि पाण्याच्या जुन्या टाकीचा पत्रा ठोकून केलेलं अंग. दादाच्या हातात जादू होती, पण वेगात बसला की त्याला भोवळ यायची. पहिल्याच वळणावर पोटातलं सगळं बाहेर. त्यामुळे बांधायची त्याने आणि चालवायची हिने, हे न बोलताच ठरलं. हिचे पाय आखूड, पेडलपर्यंत पोचेनात, तर दादाने पेडलवर लाकडी ठोकळे नटबोल्टने आवळून दिले. गाडीला स्टार्टर नव्हता. दादा मागून ढकलायचा, ही क्लच सोडायची, की डोंगरातला चढ मागे पडायला लागायचा. बक्षिसं आली, हाडंही मोडली. हाडं मात्र सगळी हिचीच.

पुढे शर्यती बंद पडल्या आणि गाडी विकली गेली. मधल्या काळात म्हणे ती कुणाच्या परसात पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथून एका हौशी माणसाने ती उचलली, नवीकोरी केली आणि आपल्या जुन्या गाड्यांच्या दालनात मांडली. उद्घाटनाला दादाला मानाचं बोलावणं आलं. आत्याला कुणी विचारलं नाही. न बोलावता जाणं बरं दिसेल का, असं वहिनीने हळूच सुचवून पाहिलं. आत्या म्हणाली, स्वतःच्या गाडीकडे जायला आमंत्रण लागत नाही, आणि चपला घालून पुढे निघाली.

दालनात पाटी होती: बांधणारा आणि चालवणारा म्हणून दादाचं नाव. शेजारच्या फोटोत हेल्मेट, गॉगल आणि काजळीने माखलेला चेहरा. तो भावाचा की बहिणीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मालक माणूस भला. त्याने दादाला विचारलं होतं, चालवत तुम्हीच ना? दादा नुसता हसला होता. त्या हसण्याचा अर्थ मालकाने आपल्या सोयीने लावला आणि दादाने लावू दिला.

आत्याने वाकून गाडीत पाहिलं. पेडलं उघडी होती, ठोकळे नव्हते. मालक कौतुकाने सांगत होता की स्टीअरिंग, ब्रेक सगळं चालतं, फक्त पेट्रोल भरलेलं नाही. पेडलवर कुणीतरी जळाऊ लाकडं ठोकून ठेवली होती, ती तेवढी काढून एका डब्यात टाकली, असंही तो म्हणाला.

"ती लाकडं आणा," आत्या म्हणाली.

मग तिने चपला काढल्या, गाडीभोवती खांबांना लावलेला दोर उचलला आणि गाडीत शिरली. शिरली म्हणजे अडकली. इतक्या वर्षांत आत्या रुंदावली होती, गाडी नव्हती. पाय अधांतरी लोंबकळत राहिले आणि दालनात हशा पिकला. तिचं लक्ष दादाकडे होतं.

"उतरते मी. तू बस, आणि सगळ्यांसमोर सांग, ही गाडी तूच चालवलीस म्हणून."

दादाची मान खाली गेली. वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मला भोवळ येते," दादा शेवटी म्हणाला. मग जरा मोठ्याने, "हिने चालवली. प्रत्येक शर्यत हिची. मी फक्त मागून ढकलायचो. तुम्ही विचारलंत तेव्हा बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो."

ठोकळ्यांचा डबा आला. आत्याने पिशवीतून पाना काढून दादाच्या हातात दिला. तो कण्हत गुडघ्यांवर बसला, गाडीत कोपरापर्यंत हात घातले आणि ठोकळे होते तसे आवळले. डावा जरा ढिला आहे, असं ती वरून म्हणाली. त्याने मुकाट्याने अजून आवळला. तिने पाय दाबला. पोचला.

शरमलेला मालक म्हणाला, पाटी उद्याच बदलतो, आता उतरायला हात देऊ का?

"ब्रेक चालतात म्हणालात ना?"

चालतात, तो म्हणाला.

"दादा, ढकल."

दादा मागे गेला. हात पूर्वी ठेवायचा तिथेच ठेवले आणि सगळं अंग लावलं. गाडी हलली. दोर खांबांसकट फरफटत निघाला, पाहुणे भराभर बाजूला झाले. समोर दार सताड उघडं होतं, आणि दारापासून फाटकापर्यंत सरळ उतार आहे हे आत्याने येतानाच पाहून ठेवलं होतं.