भाजलेल्या गाईची आंघोळ

रामटेकच्या पलीकडच्या एका खेड्यात एकट्या राहणाऱ्या मावशींची गाय भाजली. डास पळावेत म्हणून त्यांनी गोठ्यात गोवऱ्यांचा धूर केला होता. ठिणगी वर रचलेल्या भाताच्या वाळक्या तणसाला लागली. मावशींनी दावं कापून गाय बाहेर काढली, पण तोवर पेटतं तणस तिच्या पाठीवर पडलं होतं. पाठ आणि डावी कूस सोलून निघाली होती.

"हे गाय गेली तं मी कोनासंग बोलू?" मला पाहताच त्या एवढंच म्हणाल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मी जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. शहराच्या टोकाला बेसात फ्लॅट आहे, बायको जाऊन तीन वर्षं झाली. मी जखम सलाइननं धुतली, मलम लावलं, माश्या बसू नयेत म्हणून वर पातळ कापड टाकलं. चार दिवसांनी येतो, असं सांगणं पुरेसं होतं. मी म्हणालो, "रोज येतो." खरं सांगायचं तर मला कुठंतरी जायला हवं होतं. तिथं गेलो की गाईजवळ बसून चहा व्हायचा, मावशी गावभरच्या गोष्टी सांगायच्या. घरी परतलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडायचं काम नसे.

पण जखम काही भरेना. गुलाबी कातडी धरू लागली म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी गायब! मी मलम बदललं. तुम्ही हळद-तेल लावता का, म्हणून मावशींवर डाफरलो. त्यांनी गाईच्या पाठीवर हात ठेवून शपथ घेतली.

एकदा घरात करमेना म्हणून तासभर आधीच पोचलो. अंगणात गाय उभी आणि मावशी तिला पोत्याच्या तुकड्यानं खसखसून घासताहेत. माझं मलम पांढऱ्या ओघळांनी खाली चाललेलं.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"तुमी रोज येता नं. एवढा मोठा मानूस दारात येते, अन् त्याले गाय अशी बरबटलेली दाखवू काय? रोज धुऊन ठेवतो."

माझा तोल गेला. नको ते बोललो. त्यांनी पोत्याचा तुकडा बाजूला ठेवला. "म्हंजे मीच मारून राहिली होती का तिले?"

तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्या रोज घासत होत्या, कारण मी रोज जात होतो. आता धुऊ नका, म्हटलं, तर प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तुमी येनार असले तं माह्याच्यानं राहवनार नाई."

मग जखम भरेपर्यंत मी जायचं नाही, असं ठरलं. जुनं न पुसता वरून मलम कसं लावायचं, ते त्यांना शिकवलं आणि निघालो. ते दिवस फार वाईट गेले.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "भरली, डॉक्टरसाहेब! केसबी येऊन राहिले."

"वा! मग एकदा पाहून जातो."

"आता कायले एवढ्या दूर येता? ते बरी हाय नं."

त्या माझ्याच त्रासाचा विचार करत होत्या. बरं, म्हणून मी फोन ठेवला. गाय वाचली याचा आनंद होताच. पण जखमेचा एखादा कोपरा भरायचा राहिला असता तर बरं झालं असतं, असंही मनात आलं. डॉक्टर असून आलं.