कोळीवाड्याच्या नळाचा आकडा

पुन्हा तेच. डावीकडच्या पाइपात पाणी जास्त, उजवीकडच्यात कमी. गणिताच्या आधीच्या फेरीत नेमकं उलटं आलं होतं. मी आकडेमोडीची स्लाइड रूल टेबलावर आपटली.

एकोणीसशे तीसच्या पुढची गोष्ट. अलिबागच्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात मी असिस्टंट होतो. थळच्या नळयोजनेचं डिझाइन माझ्याकडे होतं. नकाशात टेकडीवरच्या टाकीतून निघालेले पाइप गावाला वळसे घालून एकमेकांना मिळत. कोळीवाडा अगदी टोकाला. कुठल्या पाइपातून किती पाणी जाईल, हे सरळ गणितानं निघत नाही. पाणी दुप्पट झालं की घर्षण चौपट होतं, आणि एका पाइपातलं पाणी बदललं की बाकीच्यांतलंही बदलतं. म्हणून आधी अंदाज धरायचा. त्यावरून कुठला पाइप पाण्याला किती अडवेल ते काढायचं आणि पाणी पुन्हा वाटायचं. फेरीगणिक फरक कमी होत आकडा ठरला पाहिजे. माझा नुसता झोके घेत होता.

आमचे वरिष्ठ करंदीकर साहेब डोकावले. "झालं?"

"आकडा ठरत नाही, साहेब."

"बेरजा चुकल्या असतील."

"तपासल्या."

"पुन्हा तपासा. पावसात बोटी बंद. पाइप आले नाहीत तर काम दिवाळीनंतर!"

व्हरांड्यात थळची हिराबाई कोळीण बसलेली. मासळी विकून झाली की ती रोज यायची. कोळीवाड्यातल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं.

"दादा, कोलीवाऱ्यान पानी येल का न्हाय, येवरंच सांग."

"आकडा येऊ दे, मग सांगतो."

"रोज हेच सांगतंस!"

मी वैतागून सगळ्या फेऱ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. झोका दोन्ही बाजूंना सारखाच होता. डावीकडे पाणी जास्त धरलं की तो पाइप जास्त अडवणारा ठरे, म्हणून पुढच्या फेरीत तिथे कमी पाणी येई. मग उलटं. खरा आकडा मधे होता आणि मी दरवेळी तो ओलांडून पलीकडे जात होतो. मी जुन्या-नव्या आकड्यांची सरासरी घेऊन पुढची फेरी केली. चहाच्या सुट्टीआधी आकडा बसला.

"सरासरी?" साहेब म्हणाले. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"ठाऊक नाही. पण ताळा करून बघा."

त्यांनी ताळा केला. तो जुळला आणि त्यांचा चेहरा उतरला. कोळीवाड्याकडे जाणारा, त्यांनीच मंजूर केलेला पाइप अरुंद ठरत होता. सकाळी गावातले नळ सुटले की टोकाला थेंबही पोचणार नव्हता.

"म्हणजे एस्टिमेट बदलायचं? इतके दिवस घालवून हे उत्तर?"

ते चडफडत मुंबईला तार करायला गेले. मोठा पाइप पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं आला.

नळ सुटला त्या दिवशी मी थळला होतो. हिराबाईनं ओंजळभर पाणी पिऊन बघितलं.

"खारं न्हाय," ती म्हणाली. "मंग येवरे दिस कशाला लावलंस?"

तिला सरासरी समजावत बसलो नाही. पुढे नोकरीभर एक मात्र पाळलं. आकडा ठरेना की बेरजा दुसऱ्यांदा तपासण्याआधी तो कुठून कुठे उड्या मारतोय ते बघायचं. साहेब मात्र शेवटपर्यंत बेरजाच तपासायला सांगत राहिले.