हरबन्सच्या पोथीतली रिबीन

मी फळ्यावर वजाबाकीची गणितं घालत होते, तेव्हा वर्गाच्या दारात करतारसिंग येऊन उभे राहिले. तारापूरच्या बांधकामावर क्रेन चालवणारा हा माणूस. अंगणात बोलला तर अर्ध्या सरावली गावाला ऐकू जावं असा आवाज. त्या दिवशी मात्र तो दुसऱ्या बाकापर्यंतही पोचला नाही. "जस्सीला घरी न्यायचंय, बाई," एवढंच कसंबसं म्हणाले. जस्सीनं पाटी पुसली, दप्तरात घातली आणि काही न विचारता बापाचं बोट धरलं. पालघरच्या दवाखान्यात तिची आई काविळीनं पडून होती, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मी पुन्हा फळ्याकडे वळले, पण हातचा किती घ्यायचा तेच आठवेना… जस्सीची आई, हरबन्स कौर, गेली. त्याला आता काही आठवडे झाले.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आई सुक्या मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते आणि त्याच पाटीवर मी मुंबईला मावशीकडे राहून मराठी घेऊन बी.ए. झाले. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. परत आले ती शाळेत मास्तरीण म्हणून, आणि सरावलीत खोली घेतली. शेजारच्या खोलीत हे पंजाबी कुटुंब राहायचं: करतारसिंग, त्यांची म्हातारी आई, जिला सगळे बीजी म्हणत, हरबन्स आणि जस्सी. हरबन्सला मराठी माझ्याआधी माझ्या आईनं शिकवलं. बाजारात बोंबलाचा भाव करता करता ती 'हाय' आणि 'नाय' उचलून घेऊन आली. आई म्हणायची, "आगो, ती सरदारीण भाव लय पाडते, पन हसून पाडते. मना राग नाय येत."

आमची ओळख वाढली ती एका प्रश्नानं. दुपारी शाळा सुटल्यावर मी ओट्यावर वह्या तपासत होते. हरबन्स जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या भाषेत देव बाई हाय का बुवा?" मी म्हटलं, देव तो, देवी ती, आणि ब्रह्म म्हटलं तर ते. तिचे डोळे मोठे झाले. "ते? आमच्याकडे 'ते' नाय. दोनच हायत. मग आमचा रब तो होतो. पण माझा बाप सांगायचा, तो ना बाई, ना बुवा." मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं की व्याकरणातलं लिंग वेगळं नि माणसातलं वेगळं, दगड तो असतो म्हणून दगडाला मिशा नसतात. ती इतकी हसली की आतून बीजींनी काय झालं म्हणून विचारलं. जस्सी तिथंच बसून ऐकत होती. ती म्हणाली, "पण बाई, 'ते' तर बाळाला म्हनतात. ते रडतं, ते झोपतं. देव ल्हान हाय?" पदवी घेतानाच्या एकाही प्रश्नपत्रिकेत मला असा प्रश्न आला नव्हता.

हरबन्सचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या वडिलांनी तिला लहानपणीच गुरुमुखी शिकवली होती. घरातल्या, गुरूंच्या वाणीच्या दोन भागांच्या पोथीतून ती रोज वाचायची, आणि तिचं वाचन सुंदर होतं, खडखड नाही, अडखळणं नाही. पण अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. "डोळ्यांनी किती वेळा संपवली मी पोथी," ती म्हणायची, "आता एकदा समजून शेवटापर्यंत जायचं हाय. जिवंतपणी एकदा तरी." बीजींना हे पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, "दवाई पीते हैं, बेटी, दवाई से मतलब नहीं पूछते." हरबन्स सासूला उलट बोलायची नाही. ती फक्त पोथी घेऊन माझ्या ओट्याला लागून असलेल्या खिडकीत बसायची.

अशी आमची दुपारची शाळा सुरू झाली. त्या शाळेत मास्तर कोण आणि विद्यार्थी कोण, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. ती मला अक्षरं शिकवायची. पहिल्या पानावरचं पहिलं चिन्ह मात्र मला न शिकवता वाचता आलं, कारण तो आकडा होता: एक. आपल्या एकासारखाच. देवाच्या नावाची सुरुवात आकड्यानं होते याचं मला फार नवल वाटलं. हरबन्स म्हणाली, "आकड्याला तरी मिशा नसतात ना, बाई?"

मग एका दुपारी ती म्हणाली की शब्दांच्या शेवटी ऱ्हस्व उकार आणि इकार लिहिलेले असतात, पण वाचताना कुणी उच्चारत नाही. मग लिहिलेत कशाला? मी पान जवळ घेतलं. 'घरि' असा एक शब्द होता. मी म्हटलं, हे तर आपलं घरी, म्हणजे घरात. तिनं अर्थ ताडून पाहिला, जुळला. 'नामि' म्हणजे नामात. आणि 'नामु', 'साहिबु' असे उकार तर मी जुन्या मराठीच्या पोथ्यांत पाहिले होते, परीक्षेला पाठही केले होते. आम्ही पानंच्या पानं चाळली. कर्ता एक असला की उकार येतो, अनेक झाले की उकार जातो, असं काहीसं हाती लागलं. हरबन्स म्हणाली, "म्हणजे बांधकामावर साहेब पुष्कळ, तिथं उकार नाय. वरचा साहिबु एकच, त्याला उकार." हे उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. माझ्याकडून चुकाही झाल्या. नियम सापडल्याच्या आनंदात मी 'हरि'चा अर्थ 'हरामध्ये' असा लावून मोकळी झाले. ती म्हणाली, "बाई, तो हरीच हाय, तुमचाच. माझ्या नावात पण तोच बसलाय, त्याला तरी सोडा." त्या दिवसापासून अर्थ लागावा म्हणून आम्ही ते मुके उकार-इकार हळूच उच्चारून वाचायला लागलो. माझ्या कानाला ते आपल्या पोथीसारखंच वाटायचं, आणि तिलाही त्याची गोडी लागली.

शेवटची भेट अशाच एका दुपारची. तिचे डोळे पिवळे दिसत होते, जेवण जात नव्हतं. मी म्हटलं, आज राहू दे. तिनं खूण ठेवायला काही सापडेना म्हणून जस्सीच्या एका वेणीची लाल रिबीन सोडली आणि पानात घातली. जस्सी कुरकुरली. "उद्या देते गं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला पालघरला नेलं.

ती गेल्यावर बोईसरच्या खोलीत, जिथं त्यांची पंजाबी माणसं रविवारी जमतात, तिच्या नावानं ग्रंथाचा पूर्ण पाठ झाला. ड्रायव्हर, फिटर पाळ्या करून वाचत होते. शेवटी सगळे उभे राहिले, अरदास, म्हणजे शेवटची प्रार्थना, झाली, प्रसाद वाटला गेला. मला वाटलं, संपलं. दोनचार दिवसांनी बीजींनी मला आत बोलावलं. रुमालात गुंडाळलेली घरची पोथी पाटावर होती आणि रिबिनीचं टोक बाहेर आलं होतं. "वो पाठ पूरा हुआ," बीजी म्हणाल्या, "यह उसका अपना था. अधूरा पाठ घर में नहीं रखते." करतारसिंगांचं शिक्षण उर्दूत झालेलं, बीजींना अक्षर येत नाही, जस्सी मराठी शाळेत; गुरुमुखी वाचणारं घरात कुणी उरलं नव्हतं. करतारसिंग म्हणाले, एखाद्या ड्रायव्हरला बोलावतो, तो आठवड्यात संपवून टाकेल. "वो गाड़ी जैसा भगाएगा," बीजी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू हाथ धो के आ."

मी कोळणीची मुलगी. आईला पाटी बांधायला मदत करून तशीच आले होते. दोनदा साबण लावला, डोक्यावरून पदर घेतला आणि बसले. रिबीन होती तिथून वाचायला लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच बीजींनी हात वर केला. पोथी त्यांना वाचता येत नसली तरी सगळी कानात आहे. "यह पीछे उ-उ कौन बोलता है?"

मी म्हटलं, लिहिलंय तसं वाचते. वाटलं, आता उठवतील, आणि मग हरबन्सचं वाचन तिथंच राहणार. बीजींनी खिडकीकडे पाहिलं. पदरानं नाक पुसलं. "वो भी करती थी," त्या म्हणाल्या, "दोपहर को, खिड़की में. मैं समझती थी गुनगुना रही है…" आणि मग, "पढ़. वैसे ही पढ़."

मी वाचलं. पान संपल्यावर रुमाल झाकायला गेले तर बीजींनी माझा हात धरला. "अब बता, क्या कहा इसमें?"

औषधाचा अर्थ विचारू नये म्हणणाऱ्या बाईनं मला अर्थ विचारला होता. माझं हिंदी अशा गोष्टींना पुरत नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं, जेवढं कळलं तेवढं, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून सांगितलं. जस्सीनं ते आजीला पंजाबीत सांगितलं. एके ठिकाणी तिनं विचारलं, "बाई, इथं तो म्हनू का ते?" मी म्हटलं, तुला बरं वाटेल ते म्हण. ती आजीला काय म्हणाली, मला कळलं नाही. बीजींनी मान हलवली.

तेव्हापासून रोज दुपारी हे चाललंय. फार पानं उरलेली नाहीत. काल मी जस्सीला म्हटलं, संपलं की तुझी रिबीन तुला परत मिळेल. बीजी म्हणाल्या, पाठ संपला की त्याच बैठकीत पहिलं पान उघडायचं असतं, पोथी शेवटावर मिटून ठेवत नाहीत. रिबीन तिथं ठेव, त्या एकाच्या आकड्याजवळ. जस्सी यावेळी कुरकुरली नाही.

वर्गात मी रिबिनींच्या बाबतीत कडक आहे. दोन वेण्या, दोन लाल रिबिनी, नाहीतर बाकावर उभं राहायचं. जस्सी एका वेणीला रिबीन आणि दुसरीला काळा दोरा बांधून येते. बाकीच्या मुली माझ्याकडे बघतात. मी हजेरी घेते आणि पुढचं नाव पुकारते.